यादीतला तिसरा नंबर

वडील गेल्यावर पंधराव्या दिवशी मी कॉलेजात रुजू झालो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास घरी येऊन लॅपटॉप उघडून भूमच्या कारखान्याच्या फोनच्या सर्व्हरमध्ये शिरलो. चोरून नव्हे, लॉगिन वडिलांनीच दिलेलं होतं. पण ते त्यांनी कशासाठी दिलं होतं आणि मी ते कशासाठी वापरलं, यात बरंच अंतर आहे. वर्ष होत आलं. आता लिहिता येईल असं वाटतं.

वडील टेलिफोन खात्यात होते. निवृत्त झाल्यावर ते भूममध्येच राहिले. मी कळंबला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, आई गेल्यावर त्यांना इकडे या म्हणालो, तर म्हणाले, "तिथं येऊन करू काय? तू वाचत बसणार, मी तुझ्याकडे बघत बसणार." त्यांना भूमच्या एका खव्याच्या कारखान्यात काम मिळालं. आसपासच्या गावांतल्या भट्ट्यांवर सकाळी दूध आटतं, खवा तयार होतो, कारखान्याची गाडी गावोगाव फिरून तो उचलते. कारखान्यात फोन सांभाळायला माणूस हवा होता. वडिलांनी जुनं यंत्र काढून एक सर्व्हर बसवला. साठी ओलांडलेला माणूस, त्याआधी कॉम्प्युटरला फारसा हात न लावलेला. पुस्तकं न वाचता, नुसतं करून बघत शिकला.

तो सर्व्हर चालवायला दोन वेबपानं होती. ब्राउझरमध्ये आकड्यांचा पत्ता टाकला की उघडायची. एकावर फोनचा कारभार: कुठलं एक्स्टेंशन कुणाचं, उचललं नाही तर पुढे कुठं वाजायचं, सुट्टीच्या दिवशी काय ऐकू यायचं. दुसऱ्यावर खुद्द सर्व्हरची देखभाल: डिस्क किती भरली, बॅकअप झाला का, आतल्या फायली, कुठली सेवा बंद पडली. वडील पहिल्याला वरचं पान म्हणत आणि दुसऱ्याला खालचं पान. वरचं पान ऑफिसातल्या ऑपरेटर बाईंच्या हातात होतं. खालचं वडिलांकडे.

या ऑपरेटर बाईंबद्दल आधीच सांगून टाकतो. पन्नाशीकडे झुकलेल्या, बारावीपर्यंत शिकलेल्या, भूमजवळच्याच गावच्या. त्यांच्याशी माझं कधी भांडण झालं नव्हतं. मी त्यांना काही म्हणून हाकही मारत नसे. सगळे त्यांना ताई म्हणत, वडील बाई म्हणत; त्या वडिलांना साहेब म्हणत. मी कशी तरी वाक्यं फिरवून वेळ मारून नेई. मला त्यांचा हेवा वाटत असे. हे लिहायला सोपं जात नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही.

एकदा मी भूमला गेलो तेव्हा वडील त्यांना वरचं पान शिकवत होते. बाई खुर्चीत, वडील पाठीमागे उभे, हात मागे बांधलेले. बाईंनी काहीतरी चुकीचं दाबलं, आतल्या खोलीतला फोन उगाच वाजायला लागला. बाई घाबरल्या. वडील म्हणाले, "चुकू द्या. चुकलं तर परत करू. मी आहे की इथं."

मी दारात उभा होतो. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी मला तारेला जोड कसा द्यायचा ते दाखवलं होतं. माझ्या हातून तार तुटली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "राहू दे. तू वाच जा." रागानं नाही म्हणाले. पण दुसऱ्यांदा कधी तार हातात दिली नाही. मी वाचत गेलो तो आजपर्यंत वाचतोच आहे. दर शनिवारी त्यांना फोन करायचो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ऊन फार आहे. दीड मिनिटात बोलणं संपे. एखाद्या शनिवारी ते ऑफिसातच असले तर मागे बाईंचा आवाज यायचा, आणि मला "बरं, ठेवतो" म्हणून झाल्यावर, फोन पुरता ठेवायच्या आत, वडील त्यांना भरभरून काहीतरी सांगायला लागलेले असायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस ते माझ्याकडे होते. स्क्रीनकडे बघायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी माझ्या लॅपटॉपवर खालचं पान उघडायची सोय करवून घेतली, आपलं नाव आणि पासवर्ड दिला, आणि रोज संध्याकाळी काळा चष्मा लावून माझ्याशेजारी बसून म्हणत, "वाच." मी वाचायचो. डिस्क इतके टक्के. बॅकअप झाला. सेवा चालू. एवढंच. ते मान हलवत. आमच्या आयुष्यातला तेवढाच धडा. मी एकदा म्हणालो, "दादा, वरचंही पान दाखवा की." ते म्हणाले, "ते बाईंचं आहे. एका पाटीवर दोघांनी लिहायचं नसतं."

वडील ऑफिसातच गेले. सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टर येईपर्यंत बाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पाणीही त्यांनीच पाजलं. कळंबहून भूमला पोहोचायला लागतो तेवढा वेळ मला लागला. सगळे मला म्हणाले, ताई होत्या म्हणून बरं. मीही होकार दिला. पण घोटभर पाणी मुलाच्या हातचं असावं लागतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातचं झालं, हे मला आजही गिळता येत नाही.

तर पंधराव्या दिवशी मी वडिलांच्या नावानं खालच्या पानावर शिरलो. डिस्क बघितली, बॅकअप बघितला. ऐकायला कुणी नव्हतं, तरी हळू आवाजात वाचलं. मग उगाच आतल्या फायली उघडत गेलो. सगळं इंग्रजी, आकडे, कंस. एका फाईलमध्ये वडिलांचं एक्स्टेंशन दिसलं: २१७. त्याच्यापुढे तीन नंबर एकाखाली एक लिहिलेले होते. २१७ वर फोन आला तर तो कोणत्या क्रमानं कुठं कुठं वाजायचा, त्याची ती यादी. पहिला २१७, म्हणजे टेबलावरचा फोन. दुसरा २०१, तो बाईंचा. तिसरा माझा मोबाईल.

माझा नंबर त्या यादीत आहे हेच मला माहीत नव्हतं. आणि आहे हे कळल्याचा आनंद पुरता होण्याआधीच दिसलं की तो तिसरा आहे. टेबलाच्या आणि बाईंच्या नंतर.

मी बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत बसलो. मग माझा नंबर कापून वर नेला. सगळ्यात वर. सेव्ह केलं, आणि फोनची सेवा बंद करून पुन्हा चालू केली; ते बटण डोळ्याच्या आठवड्यात मी एकदा दाबलं होतं. मला काय हवं होतं? वडिलांना येणारे फोन माझ्याकडे यावेत. ज्या माणसांशी ते बोलत, त्यांनी एकदा तरी मला त्यांच्याबद्दल विचारावं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी एकही फोन आला नाही. संध्याकाळी पाचला बघितलं तर माझा नंबर पुन्हा तिसरा होता.

मी परत वर नेला. दुसऱ्या दिवशी परत तिसरा.

त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं ते सगळं लिहीत नाही. बाईंनी बघितलं असणार आणि खोडलं असणार, याबद्दल मला शंका नव्हती. वडिलांचा फोन त्यांनी आपल्या टेबलावर नेऊन ठेवलाय हे मला कुणीतरी सांगितलं होतंच. आता मुलाचा नंबरही खाली ढकलतात. एकदा नाही, दोनदा. बायको म्हणाली, "त्यांना एक फोन करून विचारा ना." मी म्हणालो, "काय विचारू? माझ्या बापाचा फोन मला का देत नाही म्हणून?" ती म्हणाली, "तसंच विचारा." मी विचारलं नाही. मी हिशेब केला, की त्या सहा वाजता ऑफिस बंद करताना पुसत असणार. म्हणजे बदल पहाटे करायचा. मग दिवसभर तरी टिकेल.

पहाटे पाचला उठून केला.

नवाच्या सुमारास पहिला फोन आला. मी वर्गावर निघालो होतो. दोन रिंग वाजल्या आणि बंद. नंबर कारखान्याचा. मी उलटा फोन लावला तर कारखान्याचं रेकॉर्डिंग लागलं. मग पुन्हा दोन रिंग, बंद. तासभरात सात वेळा. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, लोक वडिलांच्या नंबरवर फोन लावतात, आणि त्यांचा आवाज येणार नाही हे आठवून ठेवून देतात. मी त्या दिवशी फार चांगलं शिकवलं.

अकराला बाईंचा फोन आला. "सर, आज तुम्हाला काय फोन आले का ओ?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं," म्हणाल्या, आणि "जेवण-बिवण करताय ना वेळेवर?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी भूममधल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. वडिलांचा २१७ हा नुसता वडिलांचा फोन नव्हता. तो गाडीचा नंबर होता. खवा तयार झाला की भट्टीवाला कारखान्याचा नंबर लावून, रेकॉर्डिंग पुरतं ऐकून न घेता, २१७ दाबतो, दोन रिंग देतो आणि कट करतो. बोलायचं काही नसतंच. टेबलावरच्या फोनवर गावाचं नाव उमटतं, बघणारा गाडीला सांगतो. फोनला पैसे पडायचे त्या काळातली ती सवय. आता पडत नाहीत, तरी सवय राहिली. काही भट्ट्यांवर धुरकटलेल्या भिंतीवर खडूनं २१७ लिहिलेलंही आहे. त्या दिवशी सात गावांच्या दोन-दोन रिंगा माझ्या खिशात वाजल्या. माझ्या फोनवर गावाचं नाव उमटत नव्हतं. गाडी कारखान्याच्या दारात उभी राहिली. मार्चचं ऊन, तीन गावांचा खवा उतरून वाया गेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एसटीनं भूमला गेलो. जाताना कबूल करायचं असं ठरवलं होतं, पण येरमाळा मागे पडेपर्यंत मनात पुन्हा तेच वाक्य तयार झालं होतं: तुम्ही पुसलं नसतं तर मला पहाटे उठावं लागलं नसतं.

कारखान्याच्या दारात गाडीचा ड्रायव्हर बसला होता. मला ओळखून उठला. "या सर. काल गाडी चकाचक धुतली बघा. कामच न्हवतं."

बाई खुर्चीत होत्या. शेजारी वडिलांचा फोन. त्याच्याखाली वडिलांचा रुमाल घडी घालून ठेवलेला. मी बसलो नाही. म्हणालो, "माझा नंबर तुम्ही दोनदा खाली केला."

"कुठं?"

"२१७ च्या यादीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. "सर, तुम्ही खालच्या पानावरून लिवलं का?"

मी मान हलवली.

"मग म्या कशाला पुसू? ते आपआपच पुसतं." त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा केली आणि वरचं पान उघडलं. त्यात त्यांनी लाल बटण दाखवलं. दिवसभरात जे काही बदल करायचे ते करून संध्याकाळी सहाला ऑफिस बंद करताना त्या ते बटण दाबतात. वडिलांनी तसंच शिकवलं होतं. बटण दाबलं की वरचं पान आपल्याकडच्या नोंदीप्रमाणे सगळ्या फायली नव्यानं लिहून काढतं. खालून कुणी त्यात काय लिहिलंय ते त्याला माहीतच नसतं. "साहेब म्हणायचे, लिवणारा हात एकच पायजे. दोन हात झाले की एक दुसऱ्याचं पुसत राहतो, आन् दोघांनाबी कळत न्हाय."

"मला हे सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

"फायलीतच लिवलंय की. पहिल्या ओळीत."

मी ती फाईल उघडली. पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं की ही फाईल आपोआप तयार होते, हातानं केलेले बदल टिकणार नाहीत. आयुष्यभर ओळी वाचण्याचा पगार घेणाऱ्या माणसानं ती ओळ सोडून दिली होती. मला त्या तीनच ओळी दिसत होत्या.

बाई म्हणाल्या, "मला ठाव होतं तुम्ही असणार. पण पहिल्या दिशी न्हवतं ठाव." त्यांनी सांगितलं ते असं. सर्व्हरमध्ये कोण कधी आत आलं याची नोंद राहते. ती सकाळी एकदा बघायची, हेही वडिलांनी लावून दिलेलं. वडील जाऊन पंधरा दिवस झालेले, आणि आदल्या संध्याकाळी आत आलेल्यांत वडिलांचं नाव. "हात गार पडले माझे. मग ध्यानात आलं, लॅपटॉप तुमच्याकडं हाय. पण बघून बरं वाटलं, सर. खोटं कशाला बोलू. रोज सकाळी आदी तेच बघायचे. आलेत का म्हणून. म्हणून कुणाला बोलले न्हाय. बंद करायला पायजे होतं, केलं न्हाय. माझीबी चूक हाय."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्याही आधी काय वाटलं ते लिहितो: त्या नावाचा आनंदही यांनाच मिळाला. टाईप मी करत होतो, आणि वडील यांना भेटत होते.

मी विचारलं, "मला तिसरा का ठेवला होता?"

"साहेबांनी? ते म्हणले, तो वाचत बसलेला असतो, नायतर वर्गावर असतो. त्याला सगळ्यात शेवटी ठेवा. मी म्हणलं, मग कशाला ठेवायचा, तुमचा फोन शेवटपर्यंत जातच न्हाय, मी उचलतेच की. तर म्हणले, न्हाय. ठेवा."

एवढंच बोलून त्या वाजायला लागलेल्या फोनकडे वळल्या. मी त्या खुर्चीशेजारी उभा राहिलो. "ठेवा" हा शब्द त्यांनी वडिलांसारखाच उच्चारला होता, शेवटी थोडा दाबून. तो मला आधी का कुणी सांगितला नाही, आणि सांगितला तो यांनीच का, हेच माझ्या मनात घोळत राहिलं.

फोन संपल्यावर त्या म्हणाल्या, "बाहेरून यायचं दार बंद करावं लागंल. मी करू का तुम्ही करता?"

ते दार म्हणजे माझ्या लॅपटॉपवरची ती सोय. तेवढंच माझ्याकडे होतं. बंद झाल्यावर मला डिस्कचे टक्केही वाचता येणार नव्हते. मी म्हणालो, "मी करतो." त्या खुर्चीतून उठल्या. मी बसलो. कुठं जायचं ते त्या सांगत होत्या. माझा हात एकदा चुकला आणि भलतंच पान उघडलं. मागून त्या म्हणाल्या, "चुकू द्या." पुढचं त्या बोलल्या नाहीत, मीही मागे वळून बघितलं नाही. वडिलांचं नाव काढून टाकायचं का असं विचारणारी खिडकी आली तेव्हा मी थांबलो.

"नाव राहू द्या," त्या म्हणाल्या. "दार तेवढं लावा."

मी दार लावलं. नाव राहिलं, आता त्या नावानं आत येणारं कुणी नाही.

जाण्याआधी मालकांच्या खोलीत जाऊन मी सांगितलं की कालचा घोळ माझ्या हातून झाला. मालक कागदातून मान वर काढून म्हणाले, "ताई म्हणल्या, माझ्या हातून झाला. आता तुम्ही म्हणताय तुमच्या. दोघं बसून एक कायतरी ठरवा आन् मला सांगा." मी बाहेर आलो. बाईंनी मला वाचवलं होतं, आणि त्याबद्दलही मला त्यांचा रागच आला. दारापर्यंत त्या आल्या. म्हणाल्या, "सर, यादीत वर घेऊ का तुमचा नंबर? वरच्या पानावरून करते, टिकंल."

मी म्हणालो, "नको. शेवटीच राहू द्या."

त्यानंतर बरेच महिने तो नंबर वाजला नाही. वाजणार नव्हताच, दोन रिंगांच्या पुढे फोन वाजला की बाई उचलतात. मध्ये त्या बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी दोन दिवस रजेवर गेल्या; जाताना मला फोनवर तसं कळवून गेल्या. त्यांच्या जागी बसलेला कारकून चहाला उठला असावा. मी ग्रंथालयात होतो. कारखान्याचा नंबर. या वेळी दोन रिंगांवर थांबला नाही. मी पुस्तक उलटं ठेवून व्हरांड्यात आलो.

"ताई?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मागे कढईत झाऱ्याचा खरखर आवाज.

"ताई रजेवर आहेत. मी साहेबांचा मुलगा बोलतोय, कळंबहून."

"साहेबांचा व्हय?" म्हातारा म्हणाला. मला वाटलं आता वडिलांबद्दल विचारील. "बरं बरं. ताई कवा येणार?"

"परवा. काही निरोप असेल तर सांगा, मी गाडीला कळवतो."

"गाडीचं न्हाय ओ. तुमाला काय सांगायचं. ताईला सांगायचं हुतं, नातीला नोकरी लागली म्हणून. ताईनंच फारम भरून दिला हुता तिचा." मग सांगायचं नाही म्हणत म्हातारा सगळं सांगत बसला: कुठं लागली, किती पोरींतून लागली, जायच्या दिवशी कोणतं लुगडं नेसून आजी एसटी स्टँडवर आली. वडिलांबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. दहा मिनिटं मी व्हरांड्यात उभा राहून ऐकत होतो. शेवटी म्हणाला, "तुमी ऐकून घेता बगा. साहेबबी असंच कानाला लावून बसायचे." आणि फोन कट झाला.

त्या रजेवरून परत आल्या त्या सकाळी मी कारखान्याला फोन लावला आणि २०१ दाबलं.

"ताई," मी म्हणालो. पहिल्यांदाच. "एका भट्टीवरून निरोप होता. नातीला नोकरी लागली."

त्या खूश झाल्या, कोण, कुठली, कधी, असं विचारत राहिल्या. मी सगळं सांगितलं, नोकरी कुठं लागली ते, लुगड्याचं, एसटी स्टँडचं. म्हाताऱ्यानं शेवटी जे वाक्य म्हटलं तेवढं सांगितलं नाही. ते मी माझ्याकडेच ठेवलं.